मास्तरांचा डावा हात

मास्तरांचा डावा हात गेला, पण तोंड शाबूत राहिलं. पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली होती. पाय काठीच्या आधाराने हळूहळू कामाला लागला, हात मात्र मांडीवर ठेवला की मांडीवरच राही. उभी हयात ज्याने हॉटेलच्या जेवणघरात गिटार वाजवली, दुपारी घरी पोरांना शिकवली, त्याने ती कपाटामागे ढकलली आणि बायकोला बजावलं, "पुन्हा माझ्या नजरेस पडता कामा नये."

"बरं," बायको म्हणाली. नवऱ्याला बरं म्हणायचं आणि आपल्या मनाचं करायचं, यात ती मुरलेली होती.

ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. उजवा हात तर धड आहे ना? मग तारा छेडायच्या त्यांनी, दाबायच्या आपण. त्यांनी पुन्हा वाजवावं, एवढंच तिला हवं होतं. गिटारीशिवायचं ते घर तिला अक्षरशः खायला उठत होतं. एका सकाळी चादरीत गुंडाळून तिने गिटार लाँड्रीत नेली, सोबत पोरांना शिकवायचा तक्ताही.

"आता हिलाही इस्त्री का?" मालकीणबाई म्हणाल्या. "खळ घालायची की बिनखळीची?"

गिऱ्हाइकं ओसरली की ती गिटार इस्त्रीच्या टेबलावर आडवी ठेवायची, गळा उजवीकडे, नेहमी पाहिली होती तशी. सहा तारा. गळ्यावर धातूच्या बारीक पट्ट्या, त्यांना फ्रेट म्हणायचं. एकेक फ्रेट पुढे सरकलं की स्वर बदलायचा. सगळ्यात जाड तार मोकळी वाजली तर ई, पहिल्या फ्रेटवर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए. स्वरांच्या मध्ये एकेक घर सोडलेलं, पण ई-एफ आणि बी-सी यांची भिंतीला भिंत. का, ते तक्त्यात नव्हतं. असतात काही शेजारी तसे, म्हणून तिने सोडून दिलं. कॉलर दाबताना ती तारा पुटपुटायची आणि बाह्या दाबताना फ्रेट. एका गिऱ्हाइकाला कपडे देताना ती "पाचवी तार, तिसरं फ्रेट, सी" म्हणाली, तेव्हा त्या भल्या माणसाने कपडे दोनदा तपासून घेतले.

सगळं तोंडपाठ झाल्यावर एका संध्याकाळी तिने गिटार सरळ मास्तरांच्या मांडीवर नेऊन ठेवली. ते तोंड उघडायच्या आत डाव्या बाजूला खेटून बसली आणि गिटारीचा गळा हातात धरला.

"बोला, कुठला स्वर हवा?"

मास्तरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. उजवा हात तारांकडे नेत ते म्हणाले, "सी. पाचव्या तारेवरचा."

तिचा हात झपकन गेला तो भलत्याच टोकाला, भलत्याच तारेवर. मास्तरांनी तार छेडली. आवाज असा आला की दोघंही दचकले.

"हे काय?"

"सी," ती म्हणाली, पण तिलाही खात्री वाटेना. तोंडाला येत होतं ते हाताला येत नव्हतं. जवळची तार लांब गेली होती आणि उजवीकडचं डावीकडे.

"शिकलीस कशी तू?"

तिने टेबलाचं सांगितलं. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले आणि मग खो खो हसत सुटले. "अगं बाई, तू समोरून शिकलीस! ऐकणाऱ्याच्या बाजूने!"

"मग! जन्मभर तुम्हाला समोरूनच पाहिलंय. शेजारी बसायला कधी बोलावलंत?"

आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसले होते. ती स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून आली.

मग उलटं सुलटं करण्याची शिकवणी सुरू झाली. "पालथ्या घड्यावर पाणी!" मास्तर ओरडायचे. "जी मागितला, जी! भाजी नाही मागितली!" ती चुकली की त्यांच्या अंगात यायचं. सकाळी स्वतःहून दाढी करून ते तिच्या येण्याची वाट बघत बसायचे. शिव्या खाऊन कुणा बायकोचा चेहरा इतका कधी उजळला नसेल. तिच्या बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. आणि मग, व्हायचं तेच झालं. तिचा हात बसला.

हॉटेलात ते शेवटी वाजवायचे ती चाल दोघांनी सुरुवातीपासून अखेरपर्यंत वाजवली. एकही स्वर चुकला नाही. तिने मोठ्या आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशीही बरोबर. त्यानंतरही बरोबर. ओरडणं थांबलं. दाढी वाढू लागली. शेवटी तिनेच विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"तू दाबतेस तिथेच माझं बोट पडलं असतं," ते म्हणाले. "पण मी ते जरा हलवलं असतं. जरा थांबलो असतो. ते मला ऐकू येतं आणि वाजतं दुसरंच. तू चुकत होतीस तोवर मी निदान मास्तर होतो गं."

ती रात्रभर तळमळली. दुसऱ्या संध्याकाळी चालीच्या मध्यावर तिने बी सोडून शेजारचा सी दाबला, आणि अंग चोरून ओरडा खायला तयार झाली.

ओरडा आला नाही. मास्तरांनी उजव्या हाताचा तळवा तारांवर ठेवून त्या गप्प केल्या.

"मुद्दाम चुकलीस."

"नाही हो. खरंच चुकले."

"हात बसलाय तुझा. बसलेला हात तिथे चुकत नाही." त्यांचा आवाज फाटला. "मला असं खेळवू नकोस."

आणि मग तो माणूस रडू लागला, मान खाली घालून, हुंदके देत. हात गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते. तिला त्यांना कुशीत घ्यायचं होतं. पण गिटारीचा गळा तिने धरला होता, आणि तिने हात काढला असता तर गिटार खाली पडली असती. ती तशीच बसून राहिली.