कोण कुणाला ढकलतंय

धप्पकन आवाज झाला आणि ड्रायव्हर पुन्हा खुर्चीत जाऊन आदळले.

“हे बघा, परत मागे!” व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने वॉकर सावरला. “काका, माणसं पुढे पडतात. तुम्ही मागे कसे पडता?”

“उलट्या खोपडीचा आहे मी,” ड्रायव्हर म्हणाले. त्यांनी हसण्यावारी नेलं खरं, पण कपाळावरचा घाम काही लपत नव्हता.

डाव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. एक्स-रेच्या फोटोवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, “खुशाल चाला.” खुशाल म्हणायला त्यांचं काय जातं! बाजारातल्या बोळातून भरलेली बस खरचटूही न देता बाहेर काढणाऱ्या माणसाला आता खुर्चीपासून दारापर्यंत जाता येत नव्हतं. एक पाऊल पडलं, जरा तोल हलला, की गडी पुन्हा खुर्चीत. व्यायामवाल्या मुलीच्या नाकी नऊ आले होते. “उद्या बघू,” म्हणून ती निघून गेली.

पण उद्यावर ढकलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. काल बाई मुख्याध्यापिकांशी फोनवर हळू आवाजात बोलत होत्या, ते ड्रायव्हरांनी ऐकलं होतं. “घरचा माणूस एकटा न्हाणीघरापर्यंत जाऊ शकत नसेल, तर मी सोमवारी शाळेत कशी येऊ? उद्या संध्याकाळी सांगते. नाहीच जमलं, तर दुसरी कुणीतरी बघा.” बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत नववीला विज्ञान शिकवायच्या, म्हणून सगळी आळी त्यांना बाई म्हणायची आणि ड्रायव्हरही चेष्टेने तेच म्हणू लागले, ते कायमचंच. आपल्या एका पायापायी बाईंचा वर्ग सुटणार, हे त्यांना कालपासून डाचत होतं.

कारण बाईंची आणि त्यांची गाठ पडली होती तीच मुळी या विषयामुळे. तेव्हा ते बसवर नवे होते. रस्त्यात कुत्रं आडवं आलं, त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि मागे एक जाडजूड गृहस्थ दांडी सोडून थेट इंजिनच्या झाकणावर आले. उठले ते शिव्यांची लाखोली वाहतच. “ढकललं मला या माणसानं!” तेवढ्यात मागून एक बारकीशी मुलगी पुढे आली आणि भर बसमध्ये म्हणाली, “त्यांनी तुम्हाला ढकललेलं नाही. बस थांबली. तुम्ही थांबला नाहीत.” गृहस्थ आ वासून बघत राहिले. ड्रायव्हरांनी आरशातून त्या मुलीकडे पाहिलं आणि त्यांचंही तेच झालं. बस पुढे गेली, ते तिथेच राहिले.

घरात आणि वर्गात बाईंचा एकच प्रश्न असे : कोण कुणाला ढकलतंय? पोरं भांडत आली, तरी हाच प्रश्न. पोरांनी त्यांचं नावच ‘कोणकुणाला’ ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

व्यायामवाली मुलगी गेल्यावर बाईंनी दार लावलं, साडीचा पदर खोचला आणि सरळ खुर्चीसमोर फरशीवर बसकण मारली.

“उठा.”

“अगं, आत्ताच तर...”

“मला तुमचं तोंड बघायचं नाहीये. पाय बघायचेत. उठा.”

ड्रायव्हर वॉकर धरून उठले. डावं पाऊल टाकलं. खुबा किंचित हलला, आणि धप्प!

“छान,” बाई म्हणाल्या. “परत पडा.”

“काय?”

“परत पडा म्हटलं. सगळे तुमच्या डाव्या पायाकडेच बघतायत. मला उजवा बघायचाय.”

तिसऱ्यांदा पडल्यावर बाईंनी टाळीच वाजवली. “अहो, तुम्ही ब्रेक मारताय!”

“इथे कुठला ब्रेक?”

“जरा भीती वाटली, की तुमचा उजवा पाय पुढे जाऊन फरशीवर कचकन दाबला जातो. आता सांगा, कोण कुणाला ढकलतंय?”

“नशीब मला.”

“वर्गाबाहेर उभं करीन. नीट सांगा.”

“मी... जमिनीला.”

“कुठल्या बाजूला?”

त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो अजून तसाच ताठ, पुढे रेटलेला होता. “पुढे.”

“मग जमीन तुम्हाला?”

“मागे,” ड्रायव्हर हळूच म्हणाले. “खुर्चीत.”

“जमीन कुणाचं उसनं ठेवत नाही. जेवढं द्याल तेवढंच, उलट्या बाजूने, तिथल्या तिथे परत.”

ड्रायव्हरांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. या पायाने किती पोरंबाळं, किती म्हातारेकोतारे वाचवले होते. चाकांखाली कुणी आलं नाही, हीच तर त्यांची आयुष्याची मिळकत. आणि तोच पाय आता त्यांना खाली बसवत होता.

“त्या पायावर रागावू नका हो,” बाई म्हणाल्या. “ड्यूटी संपली, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.”

मग त्यांनी शाळेच्या पिशवीतून खडू काढला आणि फरशीवर ड्रायव्हरांच्या पायाशी एक ठसठशीत बाण काढला. त्याचं टोक खुर्चीकडे होतं.

“बाई, बाण उलटा काढलास.”

“दरवर्षी अख्खी नववी हेच म्हणते. पुढे जायचं असेल, तर जमिनीला मागे रेटायचं. बाकीचं तिच्यावर सोडा.”

ड्रायव्हर उठले. डावं पाऊल पडलं, तोल हलला, उजवा पाय शिवशिवला. “मागे,” बाई म्हणाल्या. ड्रायव्हरांनी दात आवळून फरशी मागे रेटली आणि अंग आपसूक पुढे सरकलं. मग आणखी एकदा. बाई बाजूने सरपटत येत होत्या, नजर पावलांवरच. दार आलं. दारापाशी थांबतील असं बाईंना वाटलं, पण ते थांबले नाहीत. बोळकांडीतून न्हाणीघरापर्यंत गेले, आत शिरले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

बाई बाहेर उभ्या राहिल्या. इतके दिवस ड्रायव्हरांचा हात त्या कडीला लागला नव्हता.

बाहेर आल्यावर ड्रायव्हर म्हणाले, “सोमवारी वर्गावर जा.”

“आणि तुम्ही पडलात तर?”

“तर उठून तुला सांगीन, कुणी कुणाला ढकललं ते.”

बाई खळखळून हसल्या. मग फोन लावून म्हणाल्या, “सोमवारी येते मी.” एवढंच. फोन ठेवला, “जरा पाठ टेकते हं,” म्हणत ड्रायव्हरांच्या खुर्चीत बसल्या आणि बघता बघता त्यांची मान कलली.

त्याच पाठीने रोज त्यांना उचललं होतं, कुशीवर वळवलं होतं, अंघोळ घातली होती. आणि आपण तिला साधं “दुखतंय का” म्हणूनही विचारलं नाही, हे ड्रायव्हरांच्या आत्ता लक्षात आलं. बाईंची बोटं खडूने पांढरी झाली होती. तोंड किंचित उघडं होतं.

खोलीत खुर्ची ती एकच. पलंग पलीकडच्या खोलीत, आणि तिथवर जायचं तर वॉकर फरशीवर टकटक वाजला असता. ड्रायव्हरांनी दोन्ही पायांवर सारखा भार टाकला आणि बाईंना जाग येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.