रिकाम्या खिळ्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर कोणी कधी खडूने अक्षर काढले नाही. माझ्या अंगावर चाळीस खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याखाली एक नंबर रंगवलेला आहे. अवकाशात अग्निबाण सोडणाऱ्या एका खासगी कंपनीच्या उड्डाणतळाच्या फाटकाशी मी बावीस वर्षे उभा होतो. एवढी वर्षे फाटकावर काढल्यावर स्वभाव संशयी होतोच. माझाही झाला, ते मी लपवत नाही.

माझा जन्म कायद्यामुळे झाला. अग्निबाणात इंधन भरायला लागण्यापूर्वी उड्डाणतळावर एकही माणूस उरता कामा नये, नाहीतर कंपनीचा परवाना जाईल, असे कायदा बजावत होता. मग माणसे मोजायची कशी? म्हणून कंपनीच्या सुताराने मला घडवले. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला माझ्या खिळ्यावर अडकवायचा. बाहेर येताना तो स्वतःच्या हाताने काढायचा आणि शेजारच्या वहीत वेळ लिहून सही करायची. सगळे खिळे रिकामे झाले, म्हणजे सगळी माणसे बाहेर आली.

तपासणीला आलेले सरकारी साहेब माझे कौतुक करत. मालक तर प्रत्येक पाहुण्याला माझ्यासमोर आणून उभे करत. मला मात्र सगळ्यांचाच संशय येई. बिल्ला न अडकवता 'दोन मिनिटांत आलोच' म्हणून आत सटकणारे मी पाहिले होते. गोगलगाय नि पोटात पाय, अशी ती माणसे.

माझ्याइतकी संशयी आणखी एकच व्यक्ती तिथे होती, सुरक्षा अधिकारी बाई. लोक त्यांना पाठीमागे शंकाबाई म्हणत. त्या ताकही फुंकून पिणाऱ्या होत्या. त्यांनी 'थांबा' म्हटले की कायद्याने मालकांनाही पुढे जाता येत नसे. त्यामुळे मालक त्यांच्याशी फार गोड बोलत, आणि ते गोड बोलणेही मला खटकत असे.

एका सकाळी उड्डाण ठरले होते. दुपारनंतर वारा वाढणार होता, म्हणून सगळ्यांचीच धांदल उडाली होती. झडपा बसवणारा मिस्त्री आणि तारा जोडणारा त्याचा मेहुणा आत काम करत होते. मिस्त्रीचा नंबर एकतीस, मेहुण्याचा सत्तावीस. काम संपवून मेहुणा एकटाच बाहेर आला. फाटकावरचा पहारेकरी पाहुण्यांची गाडी वळवून देत होता. मेहुण्याने आपला बिल्ला काढला, आणि दाजी मागोमाग येतच आहेत, त्यांचा हेलपाटा वाचेल, म्हणून एकतीस नंबरचाही काढून खिशात टाकला. वहीत दोन्ही सह्या त्यानेच केल्या.

दाजी काही आले नाहीत. मी ते पाहत होतो आणि मला बोलता येत नव्हते. माझा एकतिसावा खिळा साऱ्या जगाला सांगत होता की माणूस बाहेर आहे. मित्रांनो, मी खोटी साक्ष देत होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

पहारेकऱ्याने फोनवर कळवले की फळा रिकामा आहे. इंधन भरायला दहा मिनिटे उरली होती. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर भागवून मोकळा झाला असता. शंकाबाई मात्र नेहमीप्रमाणे स्वतः चालत आल्या. त्यांनी खिळे पाहिले, मग वही पाहिली. दोन सह्या, एकच वेळ आणि अक्षराचे वळणही एकच. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी मेहुण्याला बोलावले.

"दाजी माझ्या मागेच होते, बाई," तो म्हणाला.

"मागे होते, की बाहेर आले?"

त्याचा हात खिशावर गेला. बाईंनी फोन उचलला आणि सगळे थांबवले. मालक धावतपळत आले. पाहुणे खोळंबलेत, वारा थांबणार नाही, आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे रिकामे खिळे दिसत नाहीत का, असे ते एका दमात बोलले.

"फळा रिकामा आहे, साहेब. माणूस कुठे आहे ते सांगा," बाई म्हणाल्या.

उड्डाणतळाखालच्या खड्ड्यात मिस्त्री सापडला. कानांवर आवाज रोखणारी टोपणे लावून तो एक सैल झडप आवळत बसला होता. त्याने हाका ऐकल्याच नव्हत्या. बाहेर आला तो कुरकुरतच, दोन आटे राहिले म्हणून. सवयीने त्याने बिल्ला काढायला माझ्याकडे हात नेला, आणि बोटे रिकाम्या खिळ्यावर थांबली. त्याने वळून मेहुण्याकडे पाहिले. मेहुण्याने खिशातून बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला आणि तिथेच मातीत बसून तो रडू लागला. त्या दिवशी उड्डाण झाले नाही.

आता फाटकावर कार्ड टेकवायचे यंत्र बसले आहे. मी कोठीघरात भिंतीला टेकून उभा आहे आणि माझ्या खिळ्यांवर ओले रेनकोट वाळत घालतात. त्याचे मला फारसे दुःख नाही. काळजी वाटते ती यंत्राची, कारण एकाचे कार्ड दुसऱ्याने टेकवले तर त्यालाही काही कळणार नाही. म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. माझ्यासारख्याच्या साक्षीवर कोणाचा जीव अवलंबून ठेवू नका. आत कोणी राहिले आहे का, हे पाहायचे असेल तेव्हा माणसाला त्याच्या नावाने हाक मारा, आणि ओ येईपर्यंत थांबा.