वाचा, मोठ्यानं वाचा

अंतिम सामन्याच्या शेवटच्या क्षणी शिट्टीबाईंनी पेनल्टी दिली आणि अख्खं गाव त्यांच्यावर उखडलं. घरचं मैदान, घरचा संघ आणि हातातोंडाशी आलेला चषक गेला. घरच्या बचावपटूचा हात चेंडूला लागलेला बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून त्या निर्धास्त घरी आल्या, अंघोळ केली आणि चहा टाकला. फुटबॉलच्या पंच म्हणून इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या, की आता त्या अंगाला लागतही नव्हत्या.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, आज मोबाईल उघडू नकोस हं."

असं सांगितल्यावर कोण गप्प बसेल? बाईंनी लगेच उघडला. त्या पेनल्टीचा व्हिडिओ गावभर फिरत होता आणि खाली प्रतिक्रियांचा खच पडला होता. आंधळी आहे. विकली गेली. बाईमाणसाला घरी बसवा. इथवर त्या चहाचे घोट घेत वाचत होत्या. मग एक गरुडाचं चित्र लावलेला महाभाग आला. "ही काळी माकडीण मैदानात कुणी सोडली? शिट्टी काढून घ्या, केळं द्या." खाली हसणाऱ्यांची रांग. त्या हशानं चेव येऊन त्यानंच पुढे लिहिलं होतं, "हे काळे लोक आपल्यात नकोतच. पुढच्या सामन्याला दगड घेऊन या. हाकलून लावू."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचे आजोबा समुद्रापलीकडून इथल्या बंदरात हमाली करायला आले होते. बाई इथेच जन्मल्या, इथल्याच शाळेत शिकल्या. हाकलून लावणार म्हणजे नेमकं कुठे?

"पुसून टाक आणि जेवायला चल," सासूबाई म्हणाल्या. "असल्यांच्या तोंडी कुठे लागतेस?"

शिलाईयंत्रावर बसलेल्या नवऱ्याच्या हातातली पॅन्ट भलतीकडेच शिवली गेली.

दुसऱ्या दिवशी फुटबॉल संघटनेचे सचिव फोनवर आले. आवाजात नुसता मध. "तुमच्या काळजीपोटीच सांगतोय बाई. पुढचा सामना दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

"दगड तो आणणार आणि घरी मी बसायचं? माझं नाव तसंच ठेवा."

पोलीस चौकीतल्या हवालदारानं मजकूर वाचला आणि हात झटकले. "लोकांना बोलायचं स्वातंत्र्य आहे ना बाई."

मग त्या वकीलकाकांकडे गेल्या. काका नवऱ्याचे जुने गिऱ्हाईक. एका व्यंगचित्रकारासाठी थेट मंत्र्याशी कोर्टात भांडलेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे बघ पोरी, लोकांच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलोय. त्यामुळे आधी मला पटव. 'आंधळी'चं काय करायचं?"

"राहू दे. म्हणू देत."

"'विकली गेली'?"

"तेही राहू दे. हरल्यावर माणूस काहीही बोलतो."

"'बाईला घरी बसवा'?"

"राग येतो काका."

"तुला राग आला म्हणून गुन्हा होत नाही."

"बरं, राहू दे. माझ्या निर्णयाला हवं ते म्हणा. पण पेनल्टी मी दिली, माझ्या कातडीनं नाही दिली. आणि दगड घेऊन या, हे मत झालं का?"

काकांनी पेन उचललं. "बस खाली. तक्रार लिहू."

या वेळी काका सोबत होते, तेव्हा चौकीला तक्रार घ्यावीच लागली. तपासात गरुडामागचा माणूस निघाला कोपऱ्यावरचा औषधवाला. सासूबाईंच्या गोळ्या देताना "ताई, जेवणानंतर द्या हं" म्हणणारा, अगदी गोडबोल्या. कोर्टाचा कागद हातात पडताच तो धावत दारात आला.

"ताई, गंमत होती हो. तुम्ही वाचाल असं वाटलंच नाही."

"मी वाचलं नसतं तर चाललं असतं का?"

"मी पुसून टाकलंय सगळं."

"मी जपून ठेवलंय," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

कोर्टात त्याचा वकील तावातावानं बोलला. खेळाच्या भरात केलेली थोडी चेष्टा, आणि नागरिकाचा बोलण्याचा हक्क! या मजकुरात गैर ते काय?

शिट्टीबाई ताडकन उभ्या राहिल्या. "गैर नाही ना? मग त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा!"

न्यायाधीशबाईंनी आधी त्यांना खाली बसायला सांगितलं. मग औषधवाल्याकडे वळल्या. "सक्ती नाही. पण तुमचे वकील म्हणतात यात गैर काही नाही. वाचणार?"

त्यानं कागद घेतला. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती. "ही का..." एवढंच बाहेर पडलं. त्यानं मागे बायकोकडे पाहिलं. कागद परत टेबलावर ठेवला.

"मी वाचू का?" शिट्टीबाईंनी विचारलं. परवानगी मिळाली. मग वाऱ्यापावसात मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचणाऱ्या आवाजात त्यांनी एकेक शब्द वाचला. माकडीण. केळं. काळे लोक. दगड. एकही शब्द गिळला नाही, नजर एकदाही खाली गेली नाही. खाली बघत होता तो औषधवाला.

निकाल लागला. वंशावरून जाहीर अपमान आणि हिंसेची चिथावणी, दोन्हींत तो दोषी ठरला. दंड झाला, शिवाय निकाल त्याच व्हिडिओखाली स्वतःच्या नावानं टाकायचा हुकूम झाला. "बायकांना पंच करूच नये" असंही त्यानं एका ठिकाणी लिहिलं होतं. ते मात्र मत म्हणून सुटलं.

"सुटायलाच हवं होतं," पायऱ्या उतरताना काका म्हणाले.

"मान्य. पण आवडलं नाही."

"आवडून घे असं कुठे म्हणतोय मी?"

पुढच्या सामन्याला पंच त्याच होत्या. दगड कुणी आणले नाहीत. पण खेळ रंगात आला आणि एका कोपऱ्यातून एकानं माकडासारखे आवाज काढले. बाईंनी खेळ थांबवला, चेंडू काखेत मारला आणि मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. सचिव कडेवरून हातवारे करत होते, चालू करा, चालू करा. बाई जागच्या हलल्या नाहीत. प्रेक्षक आधी चुळबुळले, मग वैतागले, आणि शेवटी त्यांच्यातूनच ओरडा झाला, "अरे, काढा त्याला बाहेर!" पोलिसांनी त्याला दंडाला धरून नेलं. तो दारातून दिसेनासा झाला तेव्हाच बाईंनी चेंडू खाली ठेवला.

त्या दिवशी सासूबाई जन्मात पहिल्यांदा सामना बघायला आल्या होत्या. परतताना सुनेचा हात धरून म्हणाल्या, "तू उभी राहिलीस ते झकास केलंस. पण तो दुसरा गोल काही खरा नव्हता."

"आई, चेंडू रेषेच्या आत होता!"

"मी काय झोपले होते? बाहेर होता."

आणि दोघी घर येईपर्यंत भर रस्त्यात भांडत गेल्या.