करवतीआधी मला विचारा

मी मेटल डिटेक्टर बोलतोय. लहान मुलांचा, लाल दांड्याचा. आयुष्यभर लोक मला खेळणंच म्हणत आले, त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

माझ्या मालकिणीला मी नवव्या वाढदिवसाला मिळालो. दोन उन्हाळे आम्ही अंगण पालथं घातलं. सापडलं काय? बाटल्यांची झाकणं आणि एक गंजलेली किल्ली! मग तिला सायकल आली आणि मी माळ्यावर गेलो. गरज सरो, वैद्य मरो. वीस वर्षं पोटातले सेल पाझरत राहिले, कुणी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात तिनेच मला खाली काढलं. आता ती रेडिओ, टीव्ही दुरुस्त करते. तिने गंज घासला, नवे सेल घातले, तुटलेल्या तारा जोडल्या. माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे हो! वादळात अंगणातलं झाड पडलं होतं आणि तिचे बाबा त्याच्या जाड फांदीच्या फळ्या काढणार होते. बाबांची सॉ मिल आहे. लाकडात खिळा असला आणि फिरती करवत त्याला लागली, तर पात्याचे तुकडे उडतात. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली.

"माझ्या अंगणातलं झाड आहे. त्यात खिळा कुठून येणार? हो बाजूला," बाबा म्हणाले.

"दोन मिनिटं, बाबा. माझ्यासाठी."

तिने मला ओंडक्यावरून फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मी गप्प.

"झालं समाधान?" म्हणत बाबांनी करवत सुरू केली.

माझा जीव कासावीस झाला. मिलमध्ये येताना मी पायरीवर आपटलो होतो आणि माझी एक तार सुटली होती. लाकडात काय आहे ते मला कळतच नव्हतं! पण हे सांगू कसं? ओंडका पात्याकडे सरकू लागला. बाबा त्याच्यामागे वाकून उभे होते.

तिने मला बाकावर ठेवलं, नेमकं लोखंडी पान्याशेजारी. तरी मी गप्पच. ते तिच्या लक्षात आलं.

"बाबा, बंद करा! आधी बंद करा!"

त्या आवाजात बाबांना काय ऐकू जाणार? तिने धावत जाऊन बटण दाबलं. पातं घरघरत थांबलं तेव्हा ओंडका त्याच्यापासून वीतभर लांब होता.

बाबा भडकले. ती मला उघडून सुटलेली तार जोडत बसली. घाईत दोनदा तार निसटली. मग पुन्हा ओंडका. मधोमध मी असा केकाटलो की बाबांनी स्वतःच छिन्नी उचलली.

कोरल्यावर आतून एक जाड लोखंडी आकडा निघाला. बाबांनी तो बराच वेळ हातात फिरवला.

"तुझ्या झोक्याचा गं," ते म्हणाले. "मीच ठोकला होता. झाडाने तो पोटात घेतला आणि मी साफ विसरलो."

ते तिथेच जमिनीवर बसले. तीही शेजारी बसली.

आता मी मिलच्या दाराशी खुंटीवर असतो. एकच विनंती आहे. मी ओरडलो तर घाबरू नका. पण गप्प राहिलो, तर आधी मला लोखंडाजवळ धरून बघा. तार पुन्हा सुटली, तर मला ते सांगता येणार नाही.