सॅबिनसचा मित्र

माझी बायको निवेदिता तीस वर्षं एकाच माणसाबरोबर संसार करते आहे आणि तो मी नाही, असं मी पार्टीत गमतीने सांगायचो. तो माणूस म्हणजे टायबेरियस, रोमचा दुसरा सम्राट. ब्रिस्टलच्या बाहेर क्रॅनबी नावाचं एक लहानसं कॉलेज आहे, तिथे ती प्राचीन इतिहास शिकवायची. मी इथल्याच हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. ती गंमत आता मी करत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या विभागाची प्रमुख हेलन प्राइस हिला कॉलेजने घरी बसवलं. नवे डीन विभाग बंद करायला निघाले होते आणि हेलनने भर मीटिंगमध्ये विरोध केला होता. कारण मात्र ‘वर्तणुकीबद्दल चौकशी’ असं दिलं. प्रिन्सिपॉल तर महिनोन्‌महिने कुणाला दिसलेच नव्हते. ते लंडनहून ईमेल पाठवायचे, बाकी सगळं डीनच बघायचे. बघता बघता हेलनला येणारे फोन थांबले. ज्यांना तिने नोकरीला लावलं होतं, ते सुपरमार्केटमध्ये तिला बघून दुसरीकडे वळायला लागले. निवेदिता तेवढी दर शनिवारी गाडी काढून क्लिव्हडनला, समुद्राकाठच्या तिच्या घरी जायची. सोबत डब्यात बटाटेवडे, नाहीतर साबुदाण्याची खिचडी.

‘‘थोडे दिवस जाऊ नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘लोक बघतात.’’

‘‘बघू देत. सॅबिनसलाही असंच कुणीतरी सांगितलं असेल.’’

मग तिने मला सॅबिनसची गोष्ट सांगितली. टायबेरियसचा पुतण्या जर्मेनिकस लोकांचा फार लाडका होता. तो गेला, आणि त्याची विधवा अग्रिपिना दरबाराच्या नजरेत खुपायला लागली. तिच्याकडचा राबता आटला. एकटा सॅबिनस उघडपणे तिच्या घरी जात राहिला.

‘‘टायबेरियस वेडा होता ना?’’ मी विचारलं.

‘‘अजिबात नाही. तीच तर भीती आहे. हिशोबी होता, कामाला वाघ होता. सुरुवातीला तर म्हणायचा, स्वतंत्र राज्यात जीभही स्वतंत्र हवी. पण राजद्रोहाचा कायदा होता, आणि चुगली करणाऱ्याला आरोपीच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा मिळायचा. मग तो काप्री बेटावर जाऊन राहिला आणि रोममध्ये त्याच्या अंगरक्षकांचा प्रमुख सेजानस त्याच्या नावाने कारभार करायला लागला. कुणी हुकूम द्यायची गरजच उरली नाही. वर काय आवडेल याचा अंदाज घेऊन लोक आपणहून एकमेकांना पकडून द्यायला लागले.’’

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी अनुप आमच्याकडे आला. अनुप पुण्याचा, क्रॅनबीच्या आयटी विभागात. चार वर्षांपूर्वी बायको उर्वी आणि छोट्या अक्षराला घेऊन तो इथे आला, तेव्हा घर मिळेपर्यंत तिघं आमच्याकडेच राहिले होते. एरवी येताना सगळे मिळून यायचे. त्या दिवशी तो एकटाच आला, आणि न कळवता.

निवेदिताने चहा टाकला. मी चिवड्याची वाटी पुढे केली. त्याने हात लावला नाही.

‘‘ताई, मला झोप लागत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हेलनशी ते जे वागले ना, बघवत नाही. तुम्ही एकट्याच तिच्याकडे जाता. मला तुमचं फार कौतुक वाटतं.’’

त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. निवेदिताला बरं वाटलं. इतक्या दिवसांत असं कुणी बोललंच नव्हतं.

‘‘अरे, त्या डीनला एकदा चांगला धडा शिकवायला हवा,’’ ती कप मांडता मांडता म्हणाली.

‘‘धडा म्हणजे काय करायचं, ताई?’’ तो पुढे सरकला. ‘‘आपल्याबरोबर कोण कोण आहे?’’

निवेदिताचा हात थांबला. अनुपचा फोन टेबलावर पालथा होता. बोलता बोलता त्याने तो बोटाने तिच्या बाजूला सरकवला, अगदी थोडासा. मी ते बघितलं, आणि तिनेही.

‘‘उर्वी कशी आहे?’’ तिने विचारलं.

त्याने समोरचा कप उगाच फिरवला.

निवेदिता खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. ‘‘या मिलिंदला मी सॅबिनसची अर्धीच गोष्ट सांगितली होती. पुढची ऐक. एक दिवस लॅटियारिस नावाचा ओळखीचा माणूस त्याच्याकडे आला. अग्रिपिनाबद्दल हळहळला, तुझ्यासारखा मित्र विरळा म्हणाला. सॅबिनस रडला. इतक्या दिवसांनी कुणीतरी आपलं भेटलं होतं ना. मग लॅटियारिस त्याला घरी घेऊन गेला, आतल्या खोलीत, आणि सेजानसबद्दल, टायबेरियसबद्दल बोलतं केलं. वर, छप्पर आणि छताच्या मधल्या पोकळीत, तीन सिनेटर पालथे पडून फटींना कान लावून ऐकत होते. राज्याचे मोठे अधिकारी, अनुप. नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी सॅबिनसला मारलं.’’

अनुपने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

‘‘सॅबिनसला माहीत नव्हतं,’’ निवेदिता म्हणाली. ‘‘मला माहीत आहे. फोन बंद कर. नाहीतर राहू दे, पण मग मी जे म्हणते ते पूर्ण घेऊन जा.’’

अनुपने फोनकडे बघितलं. त्याचा हात मांडीवरच राहिला.

‘‘जुलैत माझी व्हिसाची स्पॉन्सरशिप संपते, ताई,’’ तो पुटपुटला. ‘‘रिन्यू करणं डीनच्या हातात आहे.’’

मी उठलो. मला त्याला कॉलरला धरून बाहेर काढायचं होतं. निवेदिताने माझं मनगट पकडलं. मग ती फोनकडे तोंड करून, वर्गात बोलते तशी, स्वच्छ इंग्रजीत बोलली. हेलनचं बरोबर आहे, विभाग बंद करणं चूक आहे, हे मी मीटिंगमध्येही म्हटलं आहे आणि पुन्हा म्हणेन. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. अनुप खाली मान घालून निघून गेला.

‘‘का बोललीस?’’ मी ओरडलोच.

‘‘रिकाम्या हाताने गेला असता तर त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. आणि मला वाटलं, उघड बोललं की भीती जाते.’’

‘‘गेली?’’

‘‘नाही.’’

मे महिन्यात कॉलेजने तिला चौकशीला बोलावलं. फोनसमोर ती जे सगळं बोलली होती, त्यातलं एक अक्षरही कुणी काढलं नाही. पुढे ठेवलं ते एकच वाक्य. ‘डीनला चांगला धडा शिकवायला हवा’; ही धमकी आहे, असं त्यांचं म्हणणं. मराठीतून इंग्रजीत केलेलं भाषांतर व्यवस्थित टाइप केलेलं होतं. ते कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती. ‘‘ही नुसती बोलायची पद्धत आहे,’’ निवेदिताने परोपरीने सांगितलं. समोरची माणसं सौम्यपणे मान हलवत राहिली. जूनमध्ये तिची नोकरी गेली. जुलैत अनुपचं रिन्यूअल झालं.

बातमी इथल्या मराठी मंडळातही पोचली होती. गणपतीला आम्ही गेलो तेव्हा प्रसादाच्या रांगेत आमच्या मागेपुढे जागा रिकामी राहिली. नंतर त्याच लोकांपैकी काही जण मुद्दाम येऊन मोठ्याने हसून बोलून गेले. निवेदिता म्हणाली, सॅबिनसनंतर रोममध्ये हेच झालं होतं. माणसं आधी रस्त्यावरून पळाली, आणि मग आपण घाबरलो हे कुणी पाहिलं तर, या भीतीने परत येऊन उभी राहिली.

ऑक्टोबरमध्ये प्रिन्सिपॉलचा ईमेल सगळ्यांना गेला. त्यात डीनचं भरभरून कौतुक होतं. दुसऱ्या दिवशी डीनचं ऑफिस कुलूपबंद होतं. हेलनने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. निवेदिता हसली नाही. ‘‘सेजानस असाच गेला, टायबेरियसच्या एका पत्राने. त्यानंतर माणसं कमी नाही, जास्त मेली,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्या जवळचे कोण होते, ते शोधायला सुरुवात झाली.’’

चार दिवसांनी दारात उर्वी उभी. सोबत अक्षरा, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये.

‘‘ताई, त्यांनी अनुपला चौकशीला बोलावलंय. डीनसाठी लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचा म्हणून. नोकरी गेली तर व्हिसा जाईल. कुठल्या तोंडाने येऊ, पण…’’

निवेदिताने अक्षराला आत घेतलं आणि टोस्टवर लोणी लावून दिलं. उर्वीला मात्र तिने कसलाच शब्द दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदिताला कॉलेजमधून फोन आला. बोलणाऱ्या बाईंचा आवाज फार प्रेमळ होता. निवेदिता मॅडम, तुमच्यावर अन्याय झाला, प्रिन्सिपॉलना स्वतःला वाईट वाटतं. तुमची जागा परत देता येईल. फक्त त्या रविवारी तुमच्या घरी अनुप काय काय बोलला, तेवढं सांगाल का? अगदी अनौपचारिक.

फोन स्पीकरवर होता. मी निवेदिताकडे बघत मानेने हो म्हण, हो म्हण, असं खुणावत होतो. खरं तेच तर सांगायचं होतं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

‘‘मला काही सांगायचं नाही,’’ निवेदिता म्हणाली.

‘‘आठवत नाही, की सांगायचं नाही?’’

‘‘सगळं आठवतं. सांगणार नाही.’’

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

‘‘काही हरकत नाही,’’ बाई तितक्याच प्रेमाने म्हणाल्या. ‘‘तुम्ही नकार दिलात, एवढी नोंद करून ठेवते. आणि तुमचे मिस्टरही ऐकतायत ना? त्यांच्या नावाचं स्पेलिंग काय?’’