सगळे निरोप पोचले

येसेनिया फोनवर इतकी तापली होती की निबाल्दोने तो कानापासून हातभर लांब धरला.

"तुझं ते यंत्र म्हणतं निरोप पोचला, आणि माणसाचा धक्क्यावर पत्ता नाही! आर्सेनियो काका मागच्या फेरीला आले नाहीत, त्याच्या आधीच्या फेरीलाही नाहीत. काचबिंदू आहे रे त्यांना. थेंब कधीच संपले असणार. त्यात दुखत नाही, खुपत नाही, नुसती नजर जाते. उद्या बोट निघते आहे. याही वेळी चुकले तर झालंच मग."

"बघतो."

"बघतो नको, शोध!" म्हणत तिने फोन ठेवला.

येसेनिया दक्षिण चिलीतल्या चिलोएच्या बेटाबेटांवर फिरणाऱ्या दवाखान्याच्या बोटीवरची नर्स. बोट येणार म्हणून पेशंटना आदल्या दिवशी आपोआप फोन जातात. ते लावणारा प्रोग्रॅम निबाल्दोच्या कंपनीचा. कंपनी कसली, राजधानीत, सांतियागोत चार टाळकी आणि इथे कास्त्रोत हा एकटा, लाकडी घरात चुलीशेजारी टेबल टाकून बसलेला. बायको मारित्सा गेल्या वर्षी पुएर्तो मोंतला बहिणीकडे जाते म्हणाली, ती गेलीच. भांडण नाही, तंटा नाही. आता दिवसभरात त्याच्याशी समोरासमोर बोलणारी फक्त बेकरीवाली, आणि तीही "अजून काही?" एवढंच.

त्याने कॉम्प्युटर उघडला. सगळं हिरवंगार, म्हणजे सगळे निरोप पोचलेले. एखादा लाल ठिपका असता तर बरं वाटलं असतं, कारण बोंब मारणाऱ्या चुकीची मानगूट धरता येते. या जातीच्या कोडमध्ये चूक बोंब मारत नाही. बाकी उत्तरांसारखीच तीही बंद डब्यात घालून परत येते, आणि डबा उघडायचं काम घेणाऱ्याचं. त्यात इथली कामं अशी की एकावर सोपवायची आणि वाट न बघता पुढच्याला लागायचं. कुणी डबा न उघडताच टाकून दिला, तर कुणाला कळायचं?

अर्धी दुपार त्याने ओळीन् ओळ वाचण्यात घालवली. काही हाती लागेना. शेवटी वैतागून त्याने स्वतःचा फोन बंद केला, कपाटात ताटल्यांच्या मागे ठेवला आणि प्रोग्रॅमला सांगितलं, लाव मला फोन.

पडद्यावर हिरवं उमटलं. निरोप पोचला.

"अरे चोरा!" तो ओरडला. ऐकायला कुणी नव्हतंच.

मग त्याने प्रत्येक पायरीपाशी एकेक ओळ टाकली, इथे आलास की बोल म्हणून, आणि चोर सापडला. फोन लावायचा भाग सांतियागोतल्या क्रिस्तोबालने लिहिला होता. काम हातात घेतलं की त्याचा कोड उत्तर द्यायचा, 'य्या', चिलीतल्या स्पॅनिशमधला उठताबसता तोंडी येणारा शब्द. पोचलेल्या निरोपांच्या मोजणीचा भाग निबाल्दोचा. त्याला 'य्या' दिसला की तो हिरवी खूण करायचा. क्रिस्तोबालचा 'य्या' म्हणजे ऐकलं, करतो. निबाल्दोचा 'य्या' म्हणजे झालं. दोघेही चिलीचे, जन्मापासून दोन्ही अर्थांनी तेच बोलत आलेले. हीच भाषा बोलणारा, पण स्पेनचा कुणी असता तर त्याने निदान विचारलं असतं, बाबांनो, यातला कुठला? या दोघांना विचारावंसंच वाटलं नाही. फोन लागलाच नाही, हे सांगणारा खरा डबा मागाहून यायचा, तेव्हा तो घ्यायला कुणीच थांबलेलं नसायचं.

मारित्सा जायला निघाली तेव्हा तो म्हणाला होता, रविवारी फोन कर. ती म्हणाली होती, 'य्या'.

तो उठून चुलीत लाकडं सारत बसला. तिची त्याला फार आठवण आली. कपाटातला फोन काढून चालू केला, तर मधल्या वेळात कुणीही फोन केलेला नव्हता. हे माहीतच होतं, तरी वाईट वाटलं.

मग त्याने कोड बदलला. आता आधी थांबायचं, डबा उघडायचा, मगच खूण करायची. उद्याच्या बोटीचे फोन पुन्हा सोडल्यावर हिरव्यात भराभर लाल उमटायला लागलं. बाकीच्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून निरोप धाडते, असं त्याने कळवल्यावर येसेनिया म्हणाली. आर्सेनियो काकांना शेजार नव्हता. निबाल्दो त्यांचा नंबर स्वतःच्या हाताने लावत राहिला, लागेना तरी लावत राहिला.

दिवस कलायला लागला तेव्हा कुठे पलीकडून वाऱ्याचा आवाज आला.

"कोण रे?"

"काका, मी निबाल्दो, कास्त्रोहून. बोटीचे फोन लावतो ना, तो."

"नशीब तुझं. दफनभूमीवर चढून आलोय, म्हातारीला फुलं ठेवायला. इथेच काय ती रेंज. खाली घरात फोन नुसता ठोकळा."

"काका, उद्या बोट येते आहे. धक्क्यावर या. तुमचे थेंब आहेत."

"मला बोलावलंय?"

"म्हणजे काय! दर वेळी बोलावलंय. फोन लागत नव्हता आणि आम्हाला कळलंच नाही. चूक आमची आहे, काका."

"बोटीचा भोंगा ऐकला होता मी. दोन्ही खेपांना. टोपी घालून दारात बसलो होतो. म्हटलं, आपलं काम असतं तर बोलावलं असतं. आता आपल्याला सोडून दिलं असेल, वय झालं म्हणून. न बोलावता कसं जायचं?"

"डोळे कसे आहेत?"

"डावा गेला. उजव्याने भागतं. पण वाट दिसत नाही धड, इथे कुंपण धरून आलो. उद्या धक्क्यापर्यंत जमेल का, बघू."

"बघूबिघू काही नाही, काका. मी बोटीनेच येतो. दारात येऊन हात धरून नेतो तुम्हाला."

"तू? तुझी कामं सोडून?"

"कामं कसली. येतो मी."

"बरं, ये मग," म्हातारा म्हणाला. "पण लवकर ये, आणि लगेच उठू नकोस. दोन खुर्च्या आहेत घरात. एकीवर कधीचं कुणी बसलेलं नाही."