कोर्टाच्या बाकावरचं लेकरू

मित्रांनो, बसा. लोकांना बसवून घेणं हेच माझं आयुष्य. मी एक जुना बाक आहे, सोलापुरातल्या कोर्टाच्या व्हरांड्यातला. जन्माने बाभूळ. रावजी सुताराने मला घडवलं आणि आधी स्वतःच बसून पाहिलं. "हत्ती बसला तरी मोडायचा न्हाय," म्हणाला. हत्ती काही आला नाही. पण माणसं जी ओझी घेऊन आली, तीही हलकी नव्हती.

माझ्या उजव्या टोकाशी खालच्या कोर्टाचं दार, डाव्या टोकाशी वरच्या कोर्टाचं. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येई. कज्जे किती आले नि गेले, पण एक गोष्ट मनातून जात नाही.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरची ती गोष्ट. अक्कलकोटकडच्या रुद्राणीचा आणि तिच्या नवऱ्याचा काडीमोड झाला. तंटा उरला तो त्यांच्या लहानग्या नीलम्माचा. लेक राहणार कोणाकडे? तारखेला रुद्राणी माझ्या एका टोकाला बसे, नवरा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सासरे शिवलिंगप्पा, नातीला मांडीवर घेऊन. पोर आईकडे हात करी. रुद्राणी पदर पुढे ओढून खाली बघे. मला भारी राग यायचा. ही आई की दगड?

खालच्या कोर्टात न्यायाधीश साहेबांसमोरही तेच झालं. पोरीने हात पसरले, आई जागची हलली नाही. आईला मुलीची ओढ दिसत नाही, मूल बापाकडे राहावं, असा निकाल झाला. साहेबांनी दिसलं ते लिहिलं.

निकालानंतर शिवलिंगप्पा नातीला माझ्यावर बसवून टांगा बघायला गेले. म्हातारा फाटकाआड झाला मात्र, रुद्राणीने झडप घालून लेक उचलली आणि पटापट मुके घेतले. दोघी अशा रडल्या, की माझ्या फळ्या थरथरल्या. तिचे वकील गंगाधरपंत बघतच राहिले.

"अगं, हे आत का नाही केलंस?"

"मामंजी बसले हुते की. मोठ्या माणसाम्होरं पोटचं लेकरू कसं घ्यावं? आमच्यात न्हाय घेत."

पंतांनी कपाळावर हात मारला आणि वरच्या कोर्टात अपील केलं.

तिथल्या साहेबांनी अपील वाचून शिवलिंगप्पांनाच उभं केलं. "आजोबा, सून तुमच्यासमोर लेकराला घेते का हो?"

म्हाताऱ्याची छाती फुगली. "न्हाय जी! नांदत हुती तवर माज्याम्होरं एकदा बी हात लावला न्हाय. लई मर्यादेची पोर. गावात कुणाला बी इचारा!"

"मग लेकराचं करायचं कोण?"

"तीच की! मी दारातनं हाललो, की लेकरू तिच्याच कडंवर."

बोलून गेले. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. शब्द फिरवता आला असता, पण त्यांनी फिरवला नाही. निकाल फिरला. लेक आईकडे, बापाने येऊन भेटत जावं.

बाहेर येऊन शिवलिंगप्पा नातीसकट माझ्यावर धपकन बसले. रुद्राणी समोर उभी, पदर पुढे, मान खाली. जिंकली होती, तरी हात पुढे होईना! मी लाकडाचा, पण माझाही जीव कासावीस झाला.

"घे की," म्हातारा म्हणाला.

ती हलली नाही.

"कोर्टानं दिलं, आता मी देतो. घे, माज्याम्होरं घे."

रुद्राणीने लेक उचलली. रीत अशी, की सासऱ्याने तोंड फिरवावं. शिवलिंगप्पांनी फिरवलं नाही. डोळे भरून पाहत राहिले, आणि मग एकटेच टांग्याकडे गेले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. पोरं माझ्यावर ब्लेडने नावं कोरतात, त्याचं फार दुखत नाही. तुमच्या घरच्या मोठ्यांना मात्र एवढं सांगा, माया असेल तर ती दिसू द्या. लेकराला मर्यादा कळत नाही, पुढे आलेले हात तेवढे कळतात. आणि माझा डावा पाय हलतो आहे, जमलं तर एक खिळा ठोका. अजून पुष्कळ लेकरांना इथे मध्ये बसावं लागणार आहे.